चौथ्या घाटावरची म्हातारी

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

ही डायरी जानेवारीत एका पेन कंपनीच्या माणसानं फुकट दिली होती. पाच जानेवारीला "आज थंडी आहे" एवढं लिहून मी ती ठेवून दिली. आज पुन्हा काढली, कारण आज लिहिण्यासारखं घडलं. माझं व्हिडिओ गेम पार्लर पुन्हा सुरू होतंय.

धंदा म्हणून नाही. धंदा झेरॉक्सचाच. पण दुकानामागची खोली कागदाच्या रिकाम्या खोक्यांनी भरली होती, ती रिकामी केली. माळ्यावरून जुना डबा टीव्ही उतरवला, गेमचं मशीन पुसलं, वायरी जोडल्या. आणि लागलं! तेवीस वर्षांनी पहिल्या फटक्यात लागलं. मी विजयमालेला ओरडून बोलावलं.

"छान," ती म्हणाली. "आता खोकी कुठं ठेवनार?"

लग्नाला पंचवीस वर्षं झाली, अजून ह्या बाईला आनंदानं उडी मारताना पाहिलेलं नाही.

बुधवार, ५ नोव्हेंबर

आमच्या 'जुनी बटणं' ग्रुपवर मी जाहीर केलं: रविवार, ३० नोव्हेंबर, सकाळी दहा, संगमनेर, सगळ्यांनी यायचं. ग्रुपमध्ये बासष्ट जण आहेत. संगमनेरचे जास्त, काही कोपरगाव, श्रीरामपूरचे, एक दुबईत. बहुतेकांची पोरं आता कॉलेजात आहेत, पण शाळा बुडवून गेम खेळलेले हेच ते.

निरोप टाकून पाच मिनिटं झाली नाहीत तोच भांडण सुरू झालं. 'म्हातारी'वरून. या ग्रुपवर राजकारणावर बोलायला बंदी आहे. खरी बंदी 'म्हातारी'वर हवी होती.

या गेमचं खरं नाव कुणालाच ठाऊक नाही. कॅसेटवर जपानी अक्षरं. तेव्हा पोरं स्वतःच नावं पाडायची, तसं हे पडलं. नदी आहे, होडी आहे, नावाडी आहे. टप्प्यांना पोरं घाट म्हणायची. तीन घाट भोवरे चुकवत, मगरी चुकवत जायचं. चौथ्या घाटावर एक म्हातारी गाठोडं घेऊन उभी असते. ती होडीत बसल्याशिवाय होडी पुढं सरकत नाही. आणि ती बसत नाही. सगळी बटणं दाबा, होडी घाटाला घासा, म्हातारी उभीच.

माझं मत सरळ आहे. गेम बोगस. बनवणाऱ्यानं अर्धवट सोडलेला. नगरचं अहिल्यानगर झालं, पण माझं हे मत बदललं नाही.

आणि ग्रुपमधले एकोणीस जण म्हणतात की इतका सुंदर गेम दुसरा झालाच नाही! सहावा घाट असा, नवव्या घाटाला डोळ्यांत पाणी येतं, वगैरे. गोरक्ष माझ्या बाजूनं लढला. तो आता दुधाचा टँकर चालवतो, पण तेव्हा माझ्या पार्लरचा सगळ्यात तरबेज गडी. त्यानं लिहिलं, "मी म्हातारीपुढं अख्खी दहावी घालवली. ती काय हलली न्हाई."

त्यावर कोपरगावची पूजा, शाळेत गणित शिकवते, तिनं लिहिलं, "नाचता येईना, अंगण वाकडं."

मी तिच्याहून दहा वर्षांनी मोठा आहे. असो.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

काल झोपण्याआधी हिशोब केला. 'म्हातारी' आवडणारे एकोणीस. त्यातले सतरा जण तेव्हा गावात दुसरं पार्लर चालवणाऱ्या अमीरचे. उरलेली दोन म्हणजे पूजा आणि तिचा भाऊ ओम, ते घरी खेळायचे. आणि माझ्या पार्लरच्या एकालाही हा गेम आवडत नाही. एकालाही!

याचा अर्थ स्पष्ट आहे. अमीरनं आपल्या पोरांच्या डोक्यात काहीतरी भरवलं. पूजा नि ओम लहान होते, लहान मुलांना काहीही आवडतं.

मी ग्रुपवर लिहून टाकलं: माझ्या मशीनवर, माझ्यासमोर कुणी चौथा घाट ओलांडून दाखवला, तर 'सूर्यभान चुकला' असं मी स्वतःच्या हातानं पार्लरच्या दारावर लिहीन. अमीरच्या पोरांनी नुसते हसरे चेहरे टाकले. सतरा हसरे चेहरे.

पूजानं लिहिलं, "काका, यात अवघड काय आहे? आम्ही शाळेतून आल्यावर रोज जायचो. येते मी तीसला."

ये म्हणावं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

लोखंडी कपाट आवरताना खणात गेमच्या मशीनचा दुसरा रिमोट सापडला. प्लॅस्टिकच्या पिशवीत, वायर तशीच गुंडाळलेली, कोरा करकरीत. बघून स्वतःचाच अभिमान वाटला. पार्लर चालवणं सोपं नव्हतं. माझा पहिला नियम: मशीन एक, रिमोट एक. आऊट झाला की रिमोट पुढच्याच्या हातात. दोन रिमोट म्हटले की दोन पोरं शेजारी बसणार, आणि दोन पोरं शेजारी बसली की मारामारी. म्हणून पहिल्याच आठवड्यात मी दुसरा रिमोट कपाटात टाकला आणि कुलूप लावलं. सहा वर्षांत माझ्या पार्लरमध्ये एकदाही डोकं फुटलं नाही.

हे मी विजयमालेला सांगत होतो. ती पाठीमागं बसून मेथी निवडत टीव्हीकडे पाहत होती. मी चौथ्या घाटावर होतो.

ती म्हणाली, "आवो, दोगांचा खेळ असंल त्यो."

मी तिला समजावून सांगितलं की दोघांचा गेम असला तर सुरुवातीला पडद्यावर तसं लिहून येतं. या गेममध्ये तसं काहीही येत नाही. म्हणजे जपानीत चार ओळी येतात, त्यात काय लिहिलंय ते देव जाणे. पण सहा वर्षं पार्लर मी चालवलं, तिनं नाही.

"व्हय," ती म्हणाली आणि मेथी घेऊन आत गेली.

बुधवार, १२ नोव्हेंबर

गोरक्ष टँकर लावून चहाला थांबला होता. सहज बोलता बोलता म्हणाला, "अमीरभाई चाललं पुन्याला. कायमचं. दुकान देऊन टाकलं. सात डिसेंबरला जात्यात, कैफकडं."

अमीरचा मुलगा कैफ पुण्यात नोकरीला आहे. वय झालं की मुलाकडे जायचंच. अमीर माझ्याहून दोनच वर्षांनी मोठा आहे, पण त्याचे गुडघे गेलेत म्हणे. मला काय त्याचं.

दुपारी एका पोरीनं चार झेरॉक्स मागितल्या, मी चाळीस काढल्या.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

अमीरबद्दल लिहून ठेवतो, नाहीतर उद्या कुणी वाचलं तर त्याला वाटायचं मीच वाईट.

आमचं पहिलं मशीन दोघांत होतं. तो टीव्ही दुरुस्त करायचा, मी पोरं सांभाळायचो. मग त्यानं आपल्या गल्लीत स्वतःचं पार्लर टाकलं, तेही माझ्या संमतीनं. दुपारी दोन ते चार दोन्ही पार्लर बंद असायची, तेव्हा आम्ही एकत्रच जेवायचो. अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यानंतर तो मुंबईहून 'म्हातारी'च्या दोन कॅसेट घेऊन आला. एक त्याची, एक मला भेट. "खेळू," म्हणाला.

मी लगेच लावली. आठवडाभर झटलो. चौथा घाट काही होईना. पोरं कुरकुरायला लागली. तेव्हा मी पुठ्ठ्यावर बोर्ड लिहून टीव्हीवर लावला: "हा गेम बंद आहे. बोगस आहे. — मालक."

दुसऱ्या दिवशी दुपारी अमीर दारात आला. हातात भज्यांचा पुडा होता. त्यानं बोर्ड वाचला, मागं वळला आणि पुड्यासकट निघून गेला. गेम तर त्यानं बनवला नव्हता, मग एवढं लागायचं कारण काय? बरं, निदान भजी तरी ठेवून जायची.

त्यानंतर आम्ही लग्नात, मयतीत बोलतो, तेवढंच. ईदला अमीरच्या बायकोकडून, सरवरीभाभींकडून, शीरखुर्म्याचं भांडं येतं, दिवाळीला त्याच भांड्यातून चकल्या जातात. ते बायकांचं आहे. त्यात आम्ही पडत नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

सकाळपासून सराव. पूजा काही डावपेच घेऊन येणार, त्याआधी मला सगळं तपासून ठेवायला हवं. आज एक नवी गोष्ट करून पाहिली. म्हातारीसमोर होडी उभी केली आणि काहीही न करता पाऊण तास बसून राहिलो. म्हटलं, बघू कोण आधी कंटाळतं.

विजयमाला येऊन शेजारी टेकली. बराच वेळ पाहत होती. "बिचारी," म्हणाली. "किती वर्सं उभी हाय."

मग म्हणाली, "कपाटाची किल्ली द्या."

"कशाला?"

"काम हाय."

दिली. बायकांना कपाटात सतत काम असतं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

काही नाही. उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या, दुकानात धूळ.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

विजयमाला दुपारी डिंकाचे लाडू घेऊन सरवरीभाभींकडे गेली. सामान बांधायला हात लावते म्हणाली. दोन तासांनी आली, तोंडावर हसू मावत नव्हतं. सामान बांधण्यात हसण्यासारखं काय असतं मला कळत नाही.

"अमीर होता का?" मी विचारलं.

"हुता की."

"काही म्हणाला?"

"तुमी इचारा जाऊन. तोंड दिलंय न्हवं देवानं?"

मी काही विचारायला गेलो नाही. त्याच्या जाण्याशी माझा संबंध नाही, आणि गेमबद्दल म्हणाल तर मला सगळं माहीत आहे.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

परवासाठी थ्री-पिनचा प्लग हवा होता. बाजारात पाच दुकानांत मिळतो. मी अमीरच्या दुकानात गेलो, कारण ते वाटेवर आहे. म्हणजे फार आडवाट नाही.

शटर अर्ध्यावर होतं. आतल्या फळ्या रिकाम्या झाल्या होत्या. पूर्वी तिथं उघडे टीव्ही असायचे. अमीर स्टुलावर बसून स्क्रू डब्यात भरत होता. त्यानं प्लग काढून दिला.

"जातोय म्हणे," मी म्हणालो.

"व्हय."

"पुणं काय लांब नाही."

"न्हाई."

एवढंच. प्लग खिशात टाकून आलो. घरी आल्यावर पाहिलं तर मशीनला दोन पिनचाच लागतो. रिकाम्या फळ्या मला बघवल्या नाहीत, हे खरं आहे, आणि ते कुणाला सांगणार म्हणून इथं लिहिलं.

रविवार, ३० नोव्हेंबर

आजचं सगळं सविस्तर लिहितो.

दहाला चौतीस जण आले. खोलीत मावेनात, काही दुकानात, काही पायरीवर. टक्कल पडलेले, पोट सुटलेले, पण टीव्ही लावल्याबरोबर सगळे खाली मांडी घालून बसले आणि "माझा नंबर, माझा नंबर" सुरू झालं. माझाच नियम चालला: आऊट झाला की रिमोट पुढच्याला. मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही.

साडेअकराला पूजा म्हणाली, "काका, आता म्हातारी."

"आधी मी दाखवतो," मी म्हणालो, "मग तू." मला सगळ्यांना पुरावा दाखवायचा होता. तीन घाट मी एकही होडी न बुडवता पार केले, गोरक्षनं शिट्टी मारली. चौथा घाट आला. म्हातारी गाठोडं घेऊन उभी. मी सगळी बटणं दाबून दाखवली, होडी घासून दाखवली, आणि मागं वळून म्हणालो, "बघा. सत्तावीस वर्षं हेच. आता बोला."

माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळे माना वळवून दाराकडे पाहत होते. दाराजवळच्या खुर्चीत अमीर बसला होता. तो कधी आला मला कळलंच नाही. मांडीवर भज्यांचा पुडा.

विजयमाला पुढं आली. तिच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती. तिनं पिशवीतून दुसरा रिमोट काढला, वायर सोडली, मशीनला जोडली. जशी रोज जोडत असावी. पोरं वाट देत बाजूला झाली, आणि तिनं रिमोट नेऊन अमीरच्या हातात दिला.

"घ्या भाईजान," म्हणाली.

अमीरनं पुडा खाली ठेवला, चष्मा वर सारला आणि एक बटण दाबलं.

म्हातारीनं गाठोडं उचललं, पाऊल टाकलं आणि होडीत येऊन बसली.

मी काय केलं ते आठवत नाही. गोरक्ष म्हणतो मी "अगं बाई" म्हणालो. पुढं म्हणतो की तो स्वतः रडला, आणि ते दहावीच्या आठवणीनं. "काखेत कळसा, सूर्यभानशेठ!" असं कुणीतरी ओरडलं आणि मग जे हसणं सुरू झालं ते पायरीपर्यंत गेलं. पूजा डोळे पुसत म्हणाली, "काका, तुमच्याकडे एकच रिमोट लावलेला असेल हे आमच्या स्वप्नातसुद्धा आलं नाही हो."

अमीर हसला नाही. त्याचं लक्ष पडद्यावर होतं. "वल्हव की," म्हणाला. "भोवरा येतोय."

मी वल्हवलं. पाचव्या घाटाला बुडालो.

मग मार्कर घेऊन मी दारावर लिहिलं: सूर्यभान चुकला. चौतीस जणांनी फोटो काढले. भजी गार झाली होती, पण सगळी संपली.

सोमवार, १ डिसेंबर

दोन वाजता शटर ओढायला गेलो तर अमीर पायरीवर उभा. काठी टेकत आला होता.

"दोन ते चार बंद असतंय ना तुझं?" म्हणाला.

आम्ही बसलो. पहिला घाट पार केला. मग मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"तुझा दुसरा रिमोट कपाटात असतो ते? मला न्हाई तर कुनाला म्हाईत? माझ्यासमोरच टाकला हुतास."

"मग सांगितलं का नाहीस?"

त्यानं काठी बाजूला सरकवली. "सांगायलाच आल्तो. भजी घेऊन. म्हनलं दुपारच्याला दोगं बसू, त्याला कपाट उघडाय लावू. पोरांसाठी न्हवता आनला त्यो गेम, सूर्या. आपल्या दोगांसाठी आनला हुता. आलो तर बोर्ड."

मी म्हणालो, "नंतर तरी सांगायचं. सत्तावीस वर्षं!"

"तू इचारलंस कवा?" अमीर म्हणाला. "सत्तावीस वर्सं तू नुसता सांगतच हुतास."

नेमका तेव्हाच भोवरा आला आणि दोघंही बुडालो.

हे मी इथं लिहितो आहे कारण तोंडानं मला बोलता आलं नाही: माझं चुकलं. गेमबद्दल नाही. बोर्डबद्दल.

गुरुवार, ४ डिसेंबर

रोज दोन ते चार. आज सातव्या घाटापर्यंत. अमीर बटण दाबतो, म्हातारी कंदील धरते, तेव्हाच पुढचा खडक दिसतो. अमीर "डावीकडं" म्हणतो तेव्हा मी उजवीकडे जातो, कारण मला वाटतं मला दिसलंय. त्याचं म्हणणं, गेममध्ये खोट नाही, नावाड्यात आहे.

विजयमालेला आज मी म्हणालो की तुला आधीच कळलं होतं तर हट्टानं सांगायचं होतंस. ती म्हणाली, "सांगितलं हुतं की. मेथी निवडताना."

मी मागं जाऊन ८ नोव्हेंबरचं पान वाचलं. सांगितलं होतं. मीच माझ्या हातानं लिहून ठेवलंय.

शनिवार, ६ डिसेंबर

शेवटची दुपार. सरवरीभाभीही आल्या होत्या, दोघी मागं बसून आमच्यावर हसत होत्या. आठवा घाट पार झाला. नवव्याच्या तोंडाशी बुडालो. चार वाजले.

"अजून एकदा," मी म्हणालो.

"सामान ऱ्हायलंय," अमीर म्हणाला.

मी दुसरा रिमोट काढला, वायर गुंडाळली, पिशवीत घातला आणि त्याच्या हातात दिला. म्हणालो, याचं बटण अडकतंय, तिकडे निवांत साफ कर. बटणाला काही झालेलं नाही. त्यानं एकदा दाबून पाहिलं, त्यालाही ते कळलं. तरी पिशवी सदऱ्याच्या खिशात कोंबली.

"ईदला आनतो," म्हणाला.

रविवार, ७ डिसेंबर

सकाळी टेम्पो गेला. मी हात केला. विजयमालेनं भाभींना आमचं एक भांडं दिलं, रिकामं नाही, चकल्या भरून.

घर शांत वाटलं, पण वाईट नाही.

रविवार, १४ डिसेंबर

आता दर रविवारी दहा-बारा जण येतात. आज गोरक्ष दोघांना घेऊन आला. म्हणाला, आता चौथा घाट जमतो तर 'म्हातारी' लावा, दहावीचं उट्टं काढायचंय. मी म्हणालो, दुसरा रिमोट नाही. तो म्हणाला, फोनवर मागवा, दोन दिवसांत घरपोच येतो.

येतो, मला माहीत आहे. मी मागवणार नाही.

दुपारी पुठ्ठा कापला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं. विजयमालेनं वाचलं आणि चिकटपट्टी आणून दिली. टीव्हीवर बोर्ड लावला:

"हा गेम तूर्त बंद आहे. गेम उत्तम आहे. म्हातारी पुण्याला गेली आहे, ईदला येईल. — मालक."